मस्की मासा मिळत नाही, तरी माणसं जातात कशाला?

मिनिॲपोलिसला येऊन दीड वर्ष झालेल्या एका गृहस्थांनी विचारलंय: "ऑफिसातला मित्र मला दोनदा मस्की पकडायला घेऊन गेला. दोन्ही वेळा पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत बोटीत उभे. खांदे भरून आले, मासा एकही नाही. परतताना मित्र मात्र खुशीत, म्हणे काय झकास दिवस गेला! वॉलाय मासा पकडून तळून खाणं मी समजू शकतो. ह्यात नक्की काय आहे? ऑक्टोबरात तो पुन्हा बोलावतोय. जाऊ का? आणि जायचं तर स्वतःचं सामान घेऊ का?"

मी एकोणीस वर्षं मिनेसोटा आणि विस्कॉन्सिनच्या तळ्यांवर हेच करतोय, त्यामुळे माझ्याकडून तटस्थ उत्तराची अपेक्षा ठेवू नका. शिवाय सगळ्यांना एकाच कारणासाठी हे आवडतं असंही नाही. काहींना भिंतीवर लावायला फोटो हवा असतो, काहींना बारा तास फोन नको असतो, काहींना नुसतं सामान घ्यायला आवडतं. पण तुमचा खरा प्रश्न मला वेगळा दिसतो. बोट एक, तळं एक, दिवस एक. मग त्याचा दिवस झकास आणि तुमचा फुकट, हे कसं झालं?

मित्राला एवढंच विचारा, की त्या दोन दिवसांत त्याला फॉलो किती मिळाले. मी पैजेवर सांगतो, त्याला आकडा पाठ असेल.

फॉलो म्हणजे मस्की तुमच्या लुअरच्या (गळ लावलेल्या खोट्या आमिषाच्या) मागोमाग बोटीपर्यंत येतो आणि घेत नाही. आमच्याकडे ह्याची रीतसर नोंद होते: कुठे, किती वाजता, कोणत्या लुअरमागे, किती इंचांचा असावा. इंच अर्थातच फुगवलेले असतात. मासा मिळाला नाही पण तीन फॉलो आले, तर तो दिवस रिकामा धरत नाहीत.

माझा पहिला फॉलो लीच लेकवर आला. मस्कीला जायला लागल्याचा तो पाचवा दिवस. तोपर्यंत माझीही मनःस्थिती तुमच्यासारखीच होती. ऑगस्टची संध्याकाळ, आठ फुटांचा रॉड, त्यावर बकटेल, म्हणजे दोन मोठ्या पितळी चकत्या गरगर फिरतात आणि मागे केसांचा झुपका. आम्ही गवताच्या कडेने फेकत होतो. इथे एका पाणवनस्पतीला लोक सरळ "कॅबेज" म्हणतात. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तळ्यात कोबी कुठून आला म्हणून बघत बसलो होतो. लुअर बोटीपाशी आला, तेव्हा मी मान वळवून मागच्या सोबत्याला थर्मासमध्ये चहा उरलाय का असं विचारत होतो. विचारता विचारता लुअर पाण्याबाहेर काढला. परत पाण्याकडे बघतो तर जिथे लुअर होता तिथे एक ओंडका. तांबूस, अंगावर गडद पट्टे, माझ्या पायांपासून हातभर अंतरावर. ओंडक्याला डोळे होते. पर अगदी बारीक हलत होते, दुपारी देवळात बसलेला माणूस विंझणा हलवतो तसे. त्याने लुअर कुठे गेला ते पाहिलं, मग मला पाहिलं. पळाला वगैरे नाही. शेपटीकडून हळूहळू खाली गेला, विहिरीत पडलेली तांब्याची घागर दिसेनाशी होत जाते तसा.

चहा उरला होता. मला तो हातात धरता येईना.

आता ह्याची दुसऱ्या मासेमारीशी तुलना करा. मी मूळचा मालवणकडचा. लहानपणी खाडीच्या बांधावर बसून गरीला कोळंबी लावून काळुंदर आणि तांबोशी धरलीय. तिथे मासा लागला तर लागला, नाही लागला तर पाण्याखाली काय चाललंय ते कळायला मार्ग नाही. कोणी आलं होतं का, वास घेऊन गेलं का, की तिथे मुळात कोणी नव्हतंच? गरवणारा माणूस अंदाजावर जगतो. वॉलायचंही तेच. मस्की मात्र नकार द्यायला स्वतः येतो. लग्नाच्या बाजारात लोक "पत्रिका जुळत नाही" असं कळवून मोकळे होतात. हा दारापर्यंत येतो, तुम्हाला आपादमस्तक न्याहाळतो आणि पाठ फिरवतो. एकदा असं झालं की माणूस घरी जाऊन झोपू शकत नाही. माझं काय चुकलं? वेग? रंग? सावली? माझ्या मते मस्कीच्या वेडाचं मूळ इथे आहे. बाकीची सगळी कारणं ह्याच्यामागून येतात.

आणि नुसता नकार असता तरी लोक कंटाळून सुटले असते. ह्यात एक मेख आहे: त्या शेवटच्या दोन मीटरमध्ये तुमच्या हातात अजून काहीतरी असतं. तुम्ही मित्राला प्रत्येक कास्टच्या, म्हणजे फेकीच्या, शेवटी रॉडचं टोक पाण्यात खुपसून इंग्रजी आठाचा आकडा काढताना पाहिलं असेल. तुम्हाला तो पूजेतला उपचार वाटला असेल. तसा नाहीये. लुअर रॉडच्या टोकापासून फूट-दीड फुटावर येईपर्यंत ओढायचा, मग रील थांबवून टोक पाण्याखाली घालायचं आणि लुअर वळवायचा. सरळ रेषेत मागे येणाऱ्या माशाला लुअरची फक्त शेपटी दिसत असते. वळणावर त्याला पहिल्यांदा पूर्ण कूस दिसते, आणि भक्ष्य वाट बदलून निसटतंय असंही वाटतं. तिथे तो निर्णय घेतो. वळण मोठं हवं. चार फुटांचा मासा सायकलसारखा जागच्या जागी वळत नाही, त्याला बसगाडीसारखी जागा लागते. नवशिके छोटा आठ काढतात आणि मासा बिचारा वळणावर बाहेर फेकला जातो. वळताना वेग थोडा वाढवायचा, लुअर थोडा खाली न्यायचा, पुढच्या वळणावर वर आणायचा. सगळ्यात कठीण म्हणजे मासा दिसल्यावर हात थांबू द्यायचा नाही. लुअर थांबला की खेळ संपला. आणि दिसल्यावर हात थांबतोच, कारण आपण माणसं आहोत.

कधी कधी तिसऱ्या-चौथ्या फेरीत तो घेतो. तुमच्या डोळ्यांदेखत, रॉडभर अंतरावर. आधी जबडा उघडल्याचा पांढरा रंग दिसतो, मग मानेला एक झटका, आणि तोंडावर पाणी. हे एकदा घडलेला माणूस पुढे दहा वर्षं प्रत्येक कास्टला आठ काढतो, मागे मासा दिसो न दिसो.

आता तुमच्या दोन कोऱ्या दिवसांकडे येतो. तुमच्याकडे पोलराइज्ड चष्मा होता का? मला दाट शंका आहे की नव्हता. साध्या गॉगलने ऊन कमी होतं, पण पाण्यावरची चकाकी जात नाही, आणि ती चकाकी असेपर्यंत चार फूट खाली आलेला मासा दिसत नाही. मित्र बहुधा पुढे उभा होता, ट्रोलिंग मोटर (बोट हळूहळू सरकवणारी छोटी मोटर) त्याच्या पायाशी, म्हणजे प्रत्येक नव्या जागेवर पहिला लुअर त्याचा. तुम्ही मागे, त्याने चाळून टाकलेल्या पाण्यात. त्याने "काहीतरी आलं होतं" असं म्हटलंही असेल आणि तुम्ही मान डोलावली असेल. त्याला दिवसभर एक नाटक दिसत होतं. तुम्हाला पडदा दिसत होता.

मासा मिळायला इतका वेळ का लागतो, हेही ओघाने सांगतो. मस्की म्हणजे मस्केलंज, पाइकच्या कुळातला सगळ्यात मोठा मासा. नाव ओजिब्वे लोकांच्या भाषेतून आलेलं. मूळ वस्ती ग्रेट लेक्स, सेंट लॉरेन्स, ओहायो आणि वरच्या मिसिसिपीच्या खोऱ्यांत. तोंड बदकाच्या चोचीसारखं चपटं, आत सुयांसारखे दात, डोळे कपाळाच्या वर, पाठीवरचा पर पार शेपटीला टेकलेला. लांब पाठलागाचं हे शरीरच नाही. दबा धरायचा आणि एका झेपेत काम उरकायचं. पर्च, सकर, सिस्को असे मासे तो खातो, वेळप्रसंगी बदकाचं पिल्लूसुद्धा. मोठं जेवण झालं की पुढे बराच वेळ त्याला काही नको असतं. त्यात संख्या कमी. चांगल्या तळ्यातसुद्धा पूर्ण वाढलेला मस्की दोन-तीन एकरांत एखादाच. पन्नास इंचांचा मासा म्हणजे जवळजवळ नेहमीच मादी, वय साधारण पंधरा वर्षं किंवा त्याहून जास्त. म्हणजे ज्या पाण्यात तुम्ही फेकताय तिथे मोजके जीव आहेत, त्यांतले बहुतेक पोट भरून बसलेत, आणि उरलेल्यांनी तुमच्या लुअरसारखे शंभर लुअर आधी पाहिलेत.

"दहा हजार कास्टचा मासा" ही म्हण तुम्ही ऐकली असेल. जड लुअरने तासाला साठेक कास्ट होतात, दहा तासांत सहाशे. दहा हजार म्हणजे सतरा दिवस. नेमका हिशोब म्हणून ती घेऊ नका. जाणत्याबरोबर चांगल्या तळ्यावर गेलात तर पहिल्या दिवशीही मिळतो. मला अकराव्या दिवशी मिळाला, ३७ इंचांचा, मस्कीवाल्यांच्या नजरेत पोरसवदा.

लोकांना वाटतं आम्हाला झुंज आवडते. खरं सांगू? झुंज फारशी नसते. १०० पाउंडाची ब्रेडेड लाइन, पुढे लुअरआधी जाड लीडर, म्हणजे न तुटणारा जोडतुकडा (नाहीतर दात लाइन कापतात), काठीसारखा ताठ रॉड. दोन-तीन मिनिटांत मासा जाळ्यात. झुंज मुद्दाम लहान ठेवतात. मासा जितका दमेल तितका सोडल्यावर मरायचा धोका जास्त. तासभराची झुंज हवी असेल तर दुसरा मासा शोधा.

सोडल्यावर म्हटलं, कारण आम्ही सोडतोच. आई पहिल्यांदा इकडे आली तेव्हा मी तिला मोठ्या अभिमानाने फोटो दाखवला. ती म्हणाली, "बरो आसा. खंय ठेवलंस?" सोडला म्हटल्यावर तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मी विसरलेलो नाही. "खावचो नाय तर धरलंस कित्याक?" मालवणच्या माणसाकडे ह्याला उत्तर नसतं. पण पन्नास वर्षांमागे इथेही लोक मारूनच आणत होते. १९६६ साली सेंट पॉलमध्ये गिल हॅम यांनी मस्कीज इंक. ही संघटना काढली आणि मासे वाढवून सोडणं, पकडलेला परत पाण्यात देणं हे हळूहळू रुजवलं. आज मिनेसोटात बहुतेक ठिकाणी ५४ इंचांखालचा मस्की ठेवताच येत नाही, आणि त्याहून मोठा मिळालेलाही शंभरात एखादाच कोणी ठेवत असेल. पंधरा-वीस वर्षांनी तयार झालेली मादी एका जेवणासाठी काढायची, हे व्यवहारातही बसत नाही. तीच मादी पुढच्या वर्षी दुसऱ्या कोणाच्या बोटीपाशी येईल.

ह्या सोडण्यातलं एक काम तुम्ही करून बघाच. मासा जाळ्यातच, पाण्यातच ठेवायचा. गळ खोल असेल तर मासा न उचलता गळच कटरने तोडायचा. गळ दोन डॉलरचा असतो. फोटो दोन सेकंदांचा, मासा आडवा, एक हात पोटाखाली. उभा लटकवायचा नाही, त्याचं वजन त्याच्याच आतड्यांवर येतं. मग शेपटीच्या देठाला धरून पाण्यात सरळ ठेवायचा. काही क्षण काहीच होत नाही. कल्ले उघडतात, मिटतात. मग तुमच्या मुठीत तो स्नायू हळूहळू घट्ट होत जातो, पाना फिरवून बोल्ट आवळत न्यावा तसा. आणि एका फटक्यात हात रिकामा. पाणी ८० फॅरनहाइटच्या वर तापलं की मात्र हे सगळं करूनही मासा मरतो, म्हणून तेव्हा जाणते लोक जात नाहीत. मित्र भर जुलैच्या उकाड्यात "नको, पाणी गरम आहे" म्हणाला तर त्याला आळशी समजू नका.

ह्या वेडात अंधश्रद्धाही पुष्कळ. मस्कीवाले चंद्र बघतात. उगवतीची वेळ, मावळतीची वेळ, पौर्णिमा, अमावास्या. मी कोकणातला, उधाण आणि भांग बघत वाढलेला, पण तळ्याला कुठली भरती? म्हणून आधी हसायचो. मग २०१४ साली एक शोधनिबंध आला, मस्कीज इंक.च्या सभासदांनी नोंदवलेल्या सुमारे ३.४ लाख मस्कींवर. पौर्णिमा आणि अमावास्येच्या आसपास मासे खरंच थोडे जास्त मिळतात असं निघालं. थोडे म्हणजे फार तर पाचेक टक्के. आमच्यातल्या भाविकांनी पहिलं वाक्य लक्षात ठेवलं आणि दुसरं सोडून दिलं. मी अजूनही हसतो, पण चंद्रोदयाची वेळ बघून.

भांडणंही तशीच. विस्कॉन्सिनचं हेवर्ड हे ह्या मंडळींचं पंढरपूर. तिथल्या गोड्या पाण्यातल्या मासेमारीच्या संग्रहालयात १४३ फूट लांबीचा फायबरग्लासचा मस्की आहे, जबड्यात उभं राहून फोटो काढता येतो. मुलांना घेऊन जा, तुमच्या बायकोलाही तेवढंच काहीतरी हाताला लागेल. त्याच हेवर्डच्या आसपास १९४९ साली तीन महिन्यांच्या आत दोन जागतिक विक्रम झाले: जुलैत कॅल जॉन्सन यांचा ६७ पाउंड ८ औंसांचा, ऑक्टोबरात लुई स्प्रे यांचा ६९ पाउंड ११ औंसांचा. एक संस्था स्प्रेंना मानते, दुसरी जॉन्सनना. १९५७ चा सेंट लॉरेन्स नदीतला ६९ पाउंड १५ औंसांचा आर्थर लॉटन यांचा विक्रम १९९२ साली रद्द झाला. जुन्या फोटोंवरून माशांची लांबी मोजत लोक आजही वाद घालतात. सत्तर-पंचाहत्तर वर्षांपूर्वी मेलेल्या माशाबद्दल इतक्या तावातावाने बोलणारी माणसं एरवी शांत, हिशोबी नोकरदार असतात.

तुम्ही ह्यात पडावं का, हे बऱ्याच गोष्टींवर अवलंबून आहे. खांदा किंवा मनगट दुखरं असेल तर विचार करा. अर्ध्या पाउंडाचं रबर दिवसभर फेकणं ही गंमत नाही. घरात लहान मूल असेल तर आठवड्याचा एक पूर्ण दिवस ह्यात जातो, आणि बायको पहिल्या मोसमात काही बोलत नाही. तिसऱ्यात बोलते. हाताला काही लागल्याशिवाय चैन पडत नाही असा स्वभाव असेल तर वॉलायच बरा, त्यात कमीपणा काही नाही, आणि तो लागतोही छान. पण लहानपणी पतंग काटता न आल्यामुळे दिवसभर गच्चीवर थांबलेले तुम्ही असाल, तर मला भीती वाटते की तुम्ही आमच्यातलेच आहात. हा प्रश्न मुळात विचारलात, हेच लक्षण बरं नाही.

सामान आत्ता घेऊ नका. एकेक लुअर पंचवीस-तीस डॉलरचा, रॉड आणि रील वेगळे, आणि पहिल्या वर्षी घेतलेलं निम्मं सामान तिसऱ्या वर्षी कोणीच वापरत नाही. मित्राकडे जादा रॉड असणार, आम्हा सगळ्यांकडे असतो. परवाना मात्र स्वतःचा काढा. पोलराइज्ड चष्मा घ्या, पिवळट किंवा तपकिरी काचेचा, कारण इथल्या बऱ्याच तळ्यांचं पाणी कोऱ्या चहासारखं असतं. आणि पुढे आलेल्या चोचीची टोपी.

ऑक्टोबराबद्दल. जा, पण काय बघायला मिळेल ते समजून जा. पाणी तेव्हा ५० फॅरनहाइटच्या आसपास उतरलेलं असतं, मासे खोल, आळसावलेले, फॉलो थोडे आणि धूसर. मोठ्या माशाचा मात्र हाच काळ. मिनेसोटात १९५७ चा ५४ पाउंडांचा विक्रम चौसष्ट वर्षं टिकला आणि मोडला तो २०२१ च्या नोव्हेंबरात, मिल लॅक्स तळ्यावर. मोसम १ डिसेंबरपर्यंत चालतो आणि काही जण खरंच बर्फ फोडून बोट घालतात. फॉलो बघायचाच असेल तर पुढच्या वर्षी जूनअखेरीस एक संध्याकाळ मागून घ्या, सूर्य मावळायच्या आधीचे दोन तास, गवताच्या कडेने. शहराजवळच मिनेटोंका तळं आहे, लांब जायची गरज नाही. ह्या खेपेला मित्राला सांगा, निदान तासभर तरी मला पुढे उभा कर. चांगला असेल तर करेल. त्या तासात आठ हळू काढा, थंड पाण्यात मासा घाईत नसतो, आणि मासा दिसला तर ओरडू नका, नुसतं हात चालू ठेवा.

हातमोजे दोन जोड न्या. एक नक्की ओला होतो.